ट्रॅकवर बाइक चालवताना मळमळतं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापूर, इचलकरंजी, सांगली, बेळगाव या पट्ट्यातून रेसिंग ट्रॅकवर जाणाऱ्या बाइकवाल्यांसाठी हे पान आहे. नवख्यांचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा 'कुठली गोळी घेऊ?' हाच असतो. पण ट्रॅकवरची मळमळ पाच-सहा वेगवेगळ्या कारणांनी होते आणि एकाचा उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही. त्यामुळे आधी आपली मळमळ कुठली ते ओळखा, मग उपायाचं बघा.

लहानपणापासून मला कधी गाडी लागली नाही. एसटीत मागच्या सीटवर बसूनही नाही. मग ट्रॅकवरच का?

एसटीत शरीर फारसं कलंडत नाही. ट्रॅकवर ते सतत कलंडतं आणि तेही फसव्या रीतीने. कानाच्या आतल्या भागात दोन यंत्रणा असतात. अर्धवर्तुळाकार नलिका डोकं किती वेगाने फिरतंय ते सांगतात आणि दुसरी यंत्रणा खाली कुठल्या दिशेला आहे ते सांगते. बाइक ४५ अंश झुकवून वळण घेताना गुरुत्वाकर्षण आणि वळणाचा जोर यांची बेरीज नेमकी बाइकच्या उभ्या रेषेतून जाते. त्यामुळे दुसरी यंत्रणा म्हणते, 'आपण सरळच बसलोय, फक्त वजन वाढलंय.' वजन खरंच वाढतं: ४५ अंशांना सुमारे १.४ पट, म्हणजे ७० किलोच्या माणसाला ९९ किलोचं ओझं वाटतं. इकडे नलिका सांगतात की आत्ताच आपण जोरात आडवे झालो, आणि डोळ्यांना क्षितिज तिरपं दिसतं. तीन साक्षीदार तीन वेगळ्या गोष्टी सांगायला लागले की मेंदू गोंधळतो आणि पोट ढवळायला लागतं.

पण हँडल तर माझ्याच हातात आहे. चालवणाऱ्याला गाडी लागत नाही म्हणतात ना?

बरोबर म्हणतात, पण त्याचं कारण लक्षात घ्या. चालवणाऱ्याला पुढे काय होणार ते आधी माहीत असतं, म्हणून मेंदू तयारीत असतो. अनोळखी ट्रॅकवर, इन्स्ट्रक्टरच्या मागच्या टायरवर नजर खिळवून जाणारा रायडर हँडल धरून बसला असला तरी मनाने मागच्या सीटवरच असतो. तो कधी ब्रेक मारणार, कधी झुकणार, हे कळेपर्यंत अंग हललेलं असतं. म्हणून पहिल्या दिवशी, पहिल्या दोन सेशनमध्ये (ट्रॅकवर सलग चालवण्याच्या पाळ्यांमध्ये) त्रास सर्वांत जास्त होतो.

यावर साधा उपाय म्हणजे ट्रॅक पाठ करणं. आदल्या संध्याकाळी परवानगी काढून ट्रॅक पायी फिरा. प्रत्येक वळणाला नाव किंवा नंबर द्या. ब्रेक कुठे, झुकायचं कुठे, वळण सुटतं कुठे हे डोळे मिटून ओळीने सांगता आलं पाहिजे.

चेन्नईच्या मोठ्या ट्रॅकवर काही झालं नाही. कोल्हापुरात छोट्या ट्रॅकवर मात्र दहा मिनिटांत उमासे यायला लागले. स्पीड तर कमी होता.

स्पीड कमी असला तरी वळणं आखूड असतात आणि घोळ तिथेच आहे. २५ मीटर त्रिज्येचं वळण ताशी ५० किमीने घेतलं, की बाइक साधारण ३८ अंश झुकते. १०० मीटर त्रिज्येचं वळण ताशी १०० ने घेतलं तरी तेवढीच झुकते. पण पहिल्या वळणात डोकं सेकंदाला सुमारे ३२ अंश फिरतं आणि दुसऱ्यात १६. म्हणजे लीन (झुकणं) तेवढीच, पण कानाला मिळणारी गिरकी दुप्पट.

दुसरी बाब लयीची. माणसाला सर्वांत जास्त त्रास देणारी हालचाल साधारण पाच सेकंदांना एक हेलकावा या गतीची असते. बोट लागते ती याच गतीला. आता कोल्हापूरच्या मोहिते रेसिंग अकॅडमीसारखा कार्टिंगसाठी (छोट्या चारचाकी रेस गाड्यांसाठी) बांधलेला ट्रॅक डोळ्यांसमोर आणा: ब्रेक, डावीकडे, गॅस, ब्रेक, उजवीकडे, आणि प्रत्येकात चार-सहा सेकंद. झाला हेलकावा तयार. श्रीपेरुंबुदूरजवळचा चेन्नईचा ट्रॅक सुमारे ३.७ किमीचा, कोइमतूरचा कारी २.१ किमीच्या आसपास. तिथे सरळ पट्ट्यांवर डोक्याला उसंत मिळते. कार्टिंगच्या ट्रॅकवर ती मिळत नाही, म्हणून तिथे सेशन १५ ऐवजी ८ मिनिटांचंच घ्या. आयोजक पूर्ण वेळ देत असले तरी आपण लवकर पिटमध्ये (ट्रॅकच्या कडेच्या थांबायच्या जागेत) यायला कोणाची हरकत नसते.

आपली मळमळ कुठली ते कसं ओळखायचं?

ती कधी सुरू होते आणि कधी जाते ते बघा. सेशन सुरू व्हायच्या आधीच पोटात गोळा येतो आणि दोन लॅपनंतर (फेऱ्यांनंतर) बरं वाटतं, तर ती धास्ती आहे, तिचं फार मनावर घेऊ नका. पाचव्या-सहाव्या मिनिटापासून हळूहळू चढते, आधी जांभया, तोंडाला पाणी, मग थंड घाम, आणि बाइकवरून उतरून लांब बघत बसलं की पंधरा-वीस मिनिटांत ओसरते, तर ती हालचालीची. सरळ पट्ट्यावर टाकीवर पोट टेकवून वाकलं की घशाशी आंबट येतं, तर दोष नाश्त्याचा. दुपारी डोकेदुखीसकट येते आणि सावलीत बसूनही लवकर जात नाही, तर उन्हाची. पिटमध्ये नुसतं उभं राहूनही डोकं जड होतं आणि मोकळ्या हवेत गेलं की हलकं वाटतं, तर धुराची.

बऱ्याचदा दोन कारणं एकत्र येतात. उपाशीपोटी आणि उन्हात असलेल्याला हालचालीचा त्रास लवकर होतो. अशा वेळी आधी पाणी, खाणं आणि सावली नीट करा, उरलेलं मग बघू.

नजर कुठे ठेवायची?

लांब. हालचालीच्या मळमळीवर फुकट मिळणारा हा सर्वांत मोठा उपाय आहे, आणि यात बहुतेक जण चुकतात.

पुढच्या चाकासमोरचा पाच-सात मीटरचा डांबराचा पट्टा बघत चालवलं, की डोळ्यांखालून सगळं भरभर वाहत जातं आणि मेंदूला टेकायला स्थिर असं काही मिळत नाही. ताशी ६० किमीला बाइक सेकंदाला जवळपास १७ मीटर जाते. नजर किमान दोन सेकंद पुढे, म्हणजे ३५ मीटरवर हवी. ब्रेक मारायच्या आधी एपेक्स (वळणाचा सर्वांत आतला बिंदू) दिसला पाहिजे. एपेक्सला पोहोचायच्या आधी नजर बाहेर पडण्याच्या जागेवर गेली पाहिजे. सरळ पट्ट्यावर एकदा लांबचं झाड, टेकडी, विजेचा खांब असं काही न हलणारं पकडा आणि एक सेकंद तिथे टेका.

मीटरकडे आणि लॅप टायमरकडे बघणं पहिल्या दिवशी बंदच ठेवा. टायमरवर कागदी टेप चिकटवा. आणि दोन सेशनच्या मधे मोबाइलवर आपलाच ऑनबोर्ड व्हिडिओ बघू नका. शरीर स्थिर आणि डोळ्यांसमोर ट्रॅक हलतोय, म्हणजे जो गोंधळ मिटवायला आपण खाली उतरलो तोच उलट्या बाजूने पुन्हा सुरू. व्हिडिओ घरी जाऊन बघा.

मान आणि डोकं?

बाइक झुकली तरी डोळ्यांची रेषा जमेल तितकी जमिनीला समांतर ठेवा. हनुवटी वळणाच्या आतल्या बाजूला, जिथे जायचंय तिकडे. क्षितिज सरळ दिसलं की तीनपैकी एक साक्षीदार तरी गप्प बसतो.

अट एकच: डोकं वळणाच्या आधी वळवा, बाइक झुकत असताना झटक्याने नाही. शरीर एका दिशेने फिरत असताना डोकं दुसऱ्या दिशेने झटकलं की कानातल्या नलिकांमधला द्रव एकाच वेळी दोन दिशांना ढवळतो आणि गरगरतं. शिकेनमध्ये (लागोपाठच्या डाव्या-उजव्या वळणांत) मागे कोण आहे ते बघायला मान फिरवणाऱ्यांना हाच त्रास होतो. मागच्याची काळजी मागचा घेईल.

श्वासाचा काय संबंध?

पहिल्यांदा ट्रॅकवर येणारे बरेच जण वळणात श्वास कोंडतात आणि सरळ पट्ट्यावर धापा टाकतात. धापा टाकल्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, बोटांना मुंग्या येतात, डोकं हलकं होतं, त्यात मळमळ. ब्रेक मारताना तोंडाने हळू श्वास सोडायचा, वळण सुटताना नाकाने घ्यायचा. दात आवळलेले असतील तर श्वास नक्की कोंडलेला आहे. सरळ पट्ट्यावर दर वेळी जबडा सैल आहे का तेवढं तपासा, कोपरंही आपोआप सैल पडतात.

सकाळी मिसळ खाऊन गेलं तर चालेल का?

नाही. नाद खुळा असेल, पण सकाळी सातला कट मारून आठला लेदर सूटमध्ये पोट आवळणं म्हणजे संकटाला आमंत्रण. तेल पोट रिकामं व्हायला उशीर लावतं, तिखटाने जळजळ होते, आणि क्लिप-ऑन (खाली बसवलेल्या) हँडलवर वाकल्यावर पोट दाबून सगळं वर ढकललं जातं. आदल्या रात्रीचा तांबडा रस्साही उशिरा जेवलात तर सकाळपर्यंत आठवण करून देतो. आदल्या दिवशी रात्री आठपर्यंत जेवण, बेताचं आणि कमी तेलाचं.

उपाशी जाणंही तितकंच वाईट. पहिल्या सेशनच्या दोन-अडीच तास आधी दोन-तीन इडल्या, किंवा कमी तेलाच्या पोह्यांची एक बशी, किंवा दहीभात. सेशनच्या पाऊण तास आधी अर्धं केळं. मधल्या वेळात दोन बिस्किटं, गुळाचा खडा, मूठभर चुरमुरे असं थोडं थोडं. दुपारी आयोजकांची बिर्याणी असेल तर अर्धीच घ्या आणि पुढचं सेशन दीड तास तरी टाळा.

चहा रोजचा असेल तर एक कप घ्या, तोडल्याने डोकं दुखेल. एनर्जी ड्रिंकच्या डब्यांचा ढीग मात्र नको. धास्तीने आधीच वाढलेल्या ठोक्यांना आणखी चढवायची गरज नाही.

आदल्या रात्री दोन पेग घेतले तर?

दारू कानातल्या त्या नलिकांमध्येही उतरते आणि रक्तातून गेल्यावरही काही तास तिथे रेंगाळते. नशा उतरली असं वाटतं तेव्हाही तोल बिघडलेला असतो. ट्रॅकच्या आदल्या दिवशी अजिबात नको.

पाणी किती प्यायचं?

सुरू व्हायच्या दोन तास आधी अर्धा लिटर, मग दर वीस मिनिटांना १५० ते २०० मिली, घोटघोट. एका दमात बाटली रिकामी केली तर ती पोटात डुचमळत राहते आणि उलटी तिथूनच सुरू होते. उन्हाळ्यात लेदर सूटमध्ये तासाला लिटरभर घाम सहज जातो. खात्री करायची तर सकाळी आणि दुपारी अंग पुसून वजन करा: एक किलो कमी म्हणजे साधारण एक लिटर पाणी गेलं.

घामातून मीठही जातं. दिवसभर नुसतं पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं सोडियम उतरतं, आणि त्याचीही पहिली लक्षणं मळमळ आणि डोकेदुखीच असतात. मग माणूस आणखी पाणी पितो आणि आणखी बिघडतं. म्हणून निम्मं पाणी ओआरएसचं असू दे. मोठं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात, अर्धं पाकीट ग्लासात असा हिशेब नको. घरी करायचं तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चमचा चहाचा. उसाचा रस गोड असल्याने बरा वाटतो, पण सेशनच्या तोंडावर ग्लासभर गोड रस पोटात जड पडतो. तो संध्याकाळी.

एप्रिल-मेमध्ये त्रास जास्त होतो. ऊन हे कारण असू शकतं का?

हो, आणि सर्वांत धोक्याचं कारण हेच. कोल्हापूरचं ऊन विदर्भासारखं नसलं तरी पारा ३८च्या आसपास जातोच, डांबर त्याहून कितीतरी जास्त तापतं आणि सूट अंगावर असतो. कोल्हापुरात निदान हवा बरी असली की घाम वाळतो. चेन्नईच्या दमट हवेत तो वाळतच नाही, त्यामुळे तिथे जाणाऱ्यांनी हाच सल्ला दुप्पट कडक समजावा.

पिटमध्ये आल्याबरोबर हेल्मेट, ग्लोव्ह्ज काढा आणि सूट कमरेपर्यंत उतरवा. बरेच जण गप्पा मारत पूर्ण सूटमध्ये उभे राहतात, तिथेच अंग तापतं. मानेवर ओला टॉवेल, दोन्ही हात कोपरापर्यंत गार पाण्याच्या बादलीत पाच मिनिटं, शक्य असेल तर पंखा. काळ्या ताडपत्रीखालची सावली ही सावली नव्हे, खाली हवा खेळली पाहिजे. दुपारी १२ ते ३:३० या वेळातली सेशन सोडून दिली तर पैसे वाया जात नाहीत, दिवस वाचतो.

मळमळीबरोबर पायात गोळे, चक्कर, भरपूर घाम असेल तर त्या दिवशीचं रायडिंग संपलं. बोलणं असंबद्ध होणं, चालताना झोकांडी, अंग चटका बसेल इतकं गरम, ही उष्माघाताची लक्षणं. घाम चालू असला तरीही उष्माघात असू शकतो. लगेच ट्रॅकवरच्या ॲम्ब्युलन्सवाल्यांना बोलवा, नसतील तर १०८. ते येईपर्यंत सूट काढून अंगावर गार पाणी ओता आणि वारा घाला. शुद्ध नीट नसेल तर तोंडात पाणी घालू नका.

हेल्मेट आणि सूटमुळे मळमळू शकतं का?

कपाळावर एकाच जागी टोचणारं हेल्मेट वीस मिनिटांत डोकं दुखवतं आणि मागून मळमळ येते. हेल्मेट काढल्यावर कपाळावर लाल चट्टा दिसला तर आकार चुकलाय. साइज मोठा घेणं हा त्यावरचा उपाय नाही, डोक्याच्या घडणीचं दुसरं मॉडेल बघा. पट्टा गळ्याच्या घाटीवर येत असेल तर उमासे तिथूनच सुरू होतात. तो जबड्याखाली मागे बसला पाहिजे, आणि पट्टा व गळा यात एक-दोन बोटं गेली पाहिजेत.

सूट बाइकवर वाकून बसल्यावर बरोबर बसतो का ते पाहायचं. उभं राहून ओढल्यासारखा वाटला तर चालेल, पण वाकल्यावर पोटावर घडी रुतत असेल तर तो पोटात आखूड आहे. आत कमरेला पट्टा, मोबाइल, पाकीट काहीही नको.

चष्मा आहे. तो लावून चालवू का?

प्रोग्रेसिव्ह किंवा दोन नंबरांचा चष्मा ट्रॅकवर लावू नका. वाकून बसल्यावर नजर काचेच्या वरच्या कडेतून जाते, बाजूची दृष्टी वाकडी होते आणि मान फिरवली की जग पोहतं. फक्त लांबच्या नंबरचा, पातळ काड्यांचा साधा चष्मा करून घ्या. चरे पडलेला व्हायझर आणि आत फुगे धरलेली फॉगविरोधी पट्टीही तशीच त्रास देते. बदलून टाका, दुरुस्ती होत नाही.

पिटमध्ये पेट्रोलच्या वासानेच कसंतरी होतं.

पत्र्याच्या बंद शेडमध्ये तीन-चार बाइक गरम करायला लावल्या की धुराबरोबर कार्बन मोनॉक्साइड साठतो, आणि त्याला वास नसतो. एकाच शेडमधल्या दोघा-तिघांचं डोकं एकाच वेळी दुखायला लागलं तर सगळी इंजिनं बंद करून बाहेर या. बरं वाटलं नाही तर डॉक्टर.

आपल्याच बाइकमधून वास येत असेल तर टाकी बघा. तोंडापर्यंत भरलेल्या टाकीतलं पेट्रोल उन्हात फुगतं आणि ब्रीदरच्या (हवा जायच्या) नळीतून बाहेर येतं. तोंडापासून दोन-तीन सेंटिमीटर खाली थांबा. झाकणाचं रबर चिरलंय का, नळीच्या क्लिपा सैल आहेत का, कार्ब्युरेटर असेल तर फ्लोट चेंबरच्या तळाचा स्क्रू ओला आहे का ते हात लावून तपासा. आणि आर-एक्स १०० वाल्यांच्या मागे चिकटून चालवू नका. तिचा आवाज कितीही प्यारा असला तरी जळक्या ऑइलचा धूर हेल्मेटमध्ये भरतो.

बाइकचं सेटिंग बदलून फरक पडतो?

पडतो, विशेषतः रस्त्यावरची मऊ बाइक ट्रॅकवर आणली असेल तर. ब्रेकला नाक खाली, गॅसला वर, या डोलण्याचाच त्रास होतो. फोर्कच्या (पुढच्या चाकाच्या सस्पेन्शनच्या) चकचकीत नळीला एक केबल टाय बांधा. दोघांनी मिळून पुढची बाजू उचला, चाक अधांतरी करा, टाय सीलला टेकवा. मग पूर्ण सूट घालून बसा, दोन्ही पाय फूटपेगवर, एकाने बाइक सरळ धरायची. हळूच उतरून टाय किती सरकला ते मोजा. ट्रॅकसाठी ३० ते ३५ मिमी ठीक. ४५-५० येत असेल तर प्रीलोड (स्प्रिंगचा आधीचा दाब) वाढवा. सोयच नसेल तर मेकॅनिककडून फोर्क ऑइलचा ग्रेड आणि पातळी तपासून घ्या. मागचं सस्पेन्शन जोरात दाबून सोडा. एकदा वर येऊन थांबलं पाहिजे, उड्या मारत राहिलं तर रिबाउंड (स्प्रिंगची उसळी रोखणारं डॅम्पिंग) कमी आहे किंवा शॉक गेलाय.

त्याहून स्वस्त दुरुस्ती म्हणजे गॅस केबलचा मोकळेपणा २-३ मिमीवर आणणं आणि चेन मॅन्युअलमधल्या मापाला ताणणं. ढिल्या चेनचे धक्के दर वळणाला पोटात बसतात.

उलटीची गोळी घेऊन चालवू का?

घाटातल्या एसटीत घेतात ती प्रोमेथाझिनची गोळी, तशाच मेक्लिझिन, डायमेनहायड्रिनेट, सिनॅरिझिन या गोळ्या हालचालीच्या मळमळीवर काम करतात, पण सगळ्या कमी-जास्त सुस्ती आणतात आणि प्रतिक्रिया मंदावतात. झोप येत नाही असं वाटलं तरी हात उशिरा चालतो. ट्रॅकवर तो उशीर परवडत नाही. शिवाय प्रोमेथाझिनसारख्या गोळ्यांनी घाम कमी येतो, म्हणजे उन्हात शरीर थंड ठेवायचं साधनच बंद. गोळी घेऊन बाइकवर बसू नका, बस्स.

ऑनडॅन्सेट्रॉन सुस्ती फारशी आणत नाही म्हणून जिममधले मित्र सुचवतात. ते केमोथेरपीनंतरच्या किंवा पोट बिघडल्याच्या उलटीवर चालतं, हालचालीच्या मळमळीवर त्याचा उपयोग होत नाही.

मग आलं, लिंबू, मनगटाचा पट्टा?

आल्याने काही जणांना थोडा आराम पडतो आणि नुकसान नाही. आलेपाकाची एक वडी अर्धा तास आधी चघळा. लिंबाचा वास तात्पुरता बरा वाटतो. मनगटाच्या पट्ट्याचा भरवसा नाही, आणि ग्लोव्हच्या आत तो टोचतो.

चालू सेशनमध्ये मळमळायला लागलं तर नेमकं काय करायचं?

जांभया, तोंडाला सुटलेलं पाणी, ब्रेकिंग मार्कर (ब्रेक मारायची खूण) चुकणं, यातलं काहीही दिसलं की हाच लॅप शेवटचा. 'दोनच मिनिटं राहिलीत' म्हणून ओढत नेणाऱ्याची उलटी हमखास हेल्मेटमध्ये होते.

एकदम गॅस सोडू नका, मागचा आदळेल. सरळ पट्ट्यावर डावा हात वर करा (काही ट्रॅकवर पाय बाहेर काढतात, ब्रीफिंगमध्ये विचारून ठेवा). आपली लाइन न बदलता वेग हळूहळू उतरवा, पिटच्या बाजूला या, व्हायझर एक खाच उघडा. पिटपर्यंत पोहोचणं जमणार नसेल तर मार्शल पोस्टजवळ (झेंडे दाखवणाऱ्या ट्रॅक कर्मचाऱ्यांच्या ठिकाणाजवळ) ट्रॅकच्या पूर्ण बाहेर थांबा, बाइक सोडून बॅरियरच्या मागे जा. रन-ऑफमध्ये (ट्रॅकबाहेरच्या मोकळ्या पट्ट्यात) बसून ओकणं धोक्याचं, तिथेच दुसरा घसरत येतो.

उलटी चालत्या बाइकवरच आली तर हनुवटी छातीकडे, व्हायझर पूर्ण वर, डोळे रस्त्यावर. तोंड दाबून धरू नका, श्वासनलिकेत जाऊ शकतं. थांबल्यावर आधी हेल्मेट काढायचं, बाकी सगळं नंतर.

खाली उतरल्यावर आडवं पडून डोळे मिटा, किंवा लांब क्षितिजाकडे बघत बसा. पुढचं एक सेशन सोडा. त्यानंतर गेलात तर चार लॅप, ७० टक्के वेगाने. दुसऱ्यांदा मळमळलं तर त्या दिवशी बास.

हेल्मेटमध्ये उलटी झाली. ते फेकून द्यायचं का?

नाही. गालाचे पॅड आणि आतलं अस्तर बटणांवरून सोडवा, कोमट पाण्यात लहान मुलांच्या शांपूचे दोन-तीन थेंब टाकून हाताने धुवा, न पिळता सावलीत वाळवा. आतला थर्माकोलसारखा थर ओल्या फडक्याने पुसायचा, बुडवायचा नाही. पेट्रोल, थिनर, रॉकेल कशालाही लावू नका, तो थर विरघळतो आणि हेल्मेट निकामी होतं. हनुवटीच्या बाजूची हवेची जाळी जुन्या टूथब्रशने साफ करा. वास राहतो तो तिथलाच.

सवय होते का? किती दिवसांत?

बहुतेकांना होते, पण उलटी होईपर्यंत ताणून नाही. मळमळ शून्य ते दहा मोजा आणि तीनला थांबा. वारंवार, थोडा थोडा त्रास झाला की मेंदू नवा हिशेब शिकतो. आठ-नऊपर्यंत नेलं तर तो उलट ट्रॅकचीच धास्ती शिकतो, आणि मग हेल्मेटच्या वासानेही पोटात ढवळतं. लांब खंड पडला की सवय थोडी उतरते, म्हणून पावसाळ्यानंतरचा पहिला ट्रॅक डे नव्याने सुरू केल्यासारखा घ्या.

घरी रोज करण्यासारखं एक: हात लांब करून अंगठ्यावर नजर रोखा आणि मान डावी-उजवी हलवा. अंगठा धुरकट होणार नाही इतक्याच वेगाने, एक मिनिट. मग वर-खाली एक मिनिट. दिवसातून दोनदा.

गगनबावड्याच्या नाहीतर आंब्याच्या घाटात सराव केला तर?

नजर लांब टाकायचा आणि श्वासाचा सराव आरामाच्या वेगात जरूर करा. झुकण्याचा सराव तिथे नको. समोरून ट्रक येतो, वळणावर माती असते, आणि तिथे मार्शल नसतो.

पडल्यानंतर मळमळतंय. सूट-हेल्मेट तर शाबूत आहे.

ही मळमळ इथल्या बाकी कुठल्याही उत्तरात बसवू नका. डोक्याला मार लागल्यानंतरची मळमळ, उलटी, डोकेदुखी, सुस्ती, तेच तेच विचारणं ही मेंदूला धक्का बसल्याची लक्षणं आहेत, मग डोकं आपटल्याचं आठवत असो वा नसो. त्या दिवशी पुन्हा बाइक नाही. एकट्याने जायचं नाही, कोणीतरी सोबत घेऊन हॉस्पिटल गाठायचं. कोल्हापुरात सीपीआर (छत्रपती प्रमिलाराजे सरकारी रुग्णालय) आहे, खासगीही आहेत. जिथे सीटी स्कॅन लगेच होईल तिथे जा. आपटलेलं हेल्मेट बाहेरून चांगलं दिसलं तरी बाद.

डॉक्टरांकडे कधी जायचं?

बाइकवर नसतानाही कूस बदलली की गरगरतं, कानात आवाज येतो, एका कानाने कमी ऐकू येतं, तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे. अर्धशिशी असणाऱ्यांना हालचालीचा त्रास मुळातच जास्त होतो, त्यांनी ट्रॅकच्या आधी तेवढं बोलून घ्यावं. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी मळमळ आली की आधी साखर मोजावी. आणि चाळिशीनंतर मळमळीबरोबर छातीत दाब, जबडा किंवा हात भरून येणं, गार घाम असं काही असेल तर 'ॲसिडिटी असेल' म्हणत बसू नका, थेट १०८.

संध्याकाळी घरी बाइक चालवत जाता येईल का?

मळमळ पूर्ण जाऊन दोन तास झाले असतील, पोटात काही टिकलं असेल आणि सरळ रेषेत चालता येत असेल तर जवळच्या अंतराला हरकत नाही. बेळगाव, सातारा, पुणे अशा हायवेच्या अंतराला बाइक टेम्पोत टाका. टेम्पोत पुढच्या सीटवर बसा, काच थोडी खाली ठेवा आणि मोबाइल खिशात.